नववा रकाना

सकाळी सहाला सलमानिया इस्पितळात सुई,
साडेआठला दूतावासाची खिडकी क्रमांक तीन.
मधे टॅक्सीत दोन बिस्किटं.
ती पोटात राहिली तर दिवस आपला.

खिडकीवर पाटी आहे:
मृतांची कागदपत्रं, पगाराच्या तक्रारी, इतर.
बावीस वर्षं मी या तिन्हींची बाई.
इतरमध्ये काय काय येतं, सांगू?
मालकाच्या कपाटात कुलूपबंद पासपोर्ट,
सित्र्याच्या खोलीत चोरीला गेलेली कवळी,
आणि एक सुतार, ज्याला घरी फक्त एवढंच
पत्र लिहून हवं होतं, की मी बरा आहे.
तो बरा नव्हता. मी लिहिलं.

डॉक्टर हुदांनी पडदा माझ्याकडे वळवला.
स्वादुपिंड.
हा शब्द मी वेंगुर्ल्याच्या शाळेत शेवटचा वाचलेला,
आकृती काढून नावे द्या, गुण चार.
रताळ्यासारखं काढलं होतं मी ते. तीन मिळाले.
त्या म्हणाल्या, रजा घ्या, आपल्या माणसांत जा.
मी खिडकीबाहेरची रांग आठवत विचारलं,
म्हणजे नेमकं कुठे?

फॉर्मचा नववा रकाना: मृत्यूचं कारण.
हजारभर वेळा भरला असेल मी.
हृदयक्रिया बंद पडणे, असं येतं बहुतेकदा,
जसं काही कुणी ती चालू ठेवून मरतं.
जुलैतलं ऊन, आठव्या मजल्यावरची परांची,
चार महिने न आलेला पगार,
यांना रकाना नाही.
एकदाच, सात आठवडे भांडून,
मी 'उष्माघात' असं लिहून आणलं.
एकदाच.

सुमेशनं कुणाला न विचारता
काउंटरखाली बादली ठेवली. निळी, झाकणाची.
परवा एका वाक्याच्या मधेच मी खाली वाकले,
तोंड पुसून वर आले, आणि समोरच्या पोराला
उरलेलं अर्धं वाक्य सांगितलं:
'...आणि दोन फोटो, पांढऱ्या पार्श्वभूमीवर.'
तो म्हणाला, मॅडम, फोटो उद्या आणतो,
तुम्ही आज पाणी प्या.

शवागारातले अबू फाजल मला आवाजानं ओळखतात.
हातावरची सलाइनची पट्टी त्यांनी पाहिली
आणि काही बोलले नाहीत.
चाव्यांच्या जुडग्याशेजारी खजुराचा पुडा सरकवला.
'सावकाश खा, उख्ती.'

पोचय्या, जगत्यालचा, परांची बांधणारा.
कंपनीची सही येईना, दिवस अकरावा.
फोनवर त्याची बायको, मोडकं हिंदी,
पैशाचं एक अक्षर नाही. एवढंच विचारते:
अंगात सदरा होता का?
हे पाहणं माझं काम नाही. गेले.
नव्हता.
मुहर्रकच्या बाजारात अडीच दिनारला
निळ्या चौकड्यांचा एक मिळाला, बाही जरा लांब.
अबू फाजलनी तो घातला,
मी दाराकडे तोंड करून उभी राहिले.
मग बाहेर येऊन फोन लावला.
होता, म्हटलं. निळा.
पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

रात्री भाऊ विचारतो,
थंय आता काय रवलां तुझां? ये गो.
मी सांगते, चौतीस फायली.
आणि तब्येत?
बरी आसय.
आरशात बघून बोलत नाही मी हल्ली,
फोन कानाला लावून गॅलरीत जाते.
समोर समुद्र भरावानं मागे ढकललेला,
पाणी दिसत नाही, खारट वास तेवढा येतो.

सुमेशला शिकवतेय.
कुठला शिक्का आधी, कुठला नंतर,
विमानाला वजन लाकडासकट कळवायचं,
बाईचा आवाज थांबला तर आपणही थांबायचं,
फोन ठेवायचा नाही.
नमुना म्हणून कोरा फॉर्म दिला भरायला.
आठव्यापर्यंत भराभर आला,
मग पेनाचं टोपण लावत, काढत बसला.
मी म्हटलं, तो सोड. तो डॉक्टर भरतात.

आज चौतीसच्या पस्तीस झाल्या.
आणि तीन नंबरची काच अर्ध्यात अडते,
डाव्या कोपऱ्याला खालून अंगठ्यानं रेटावी लागते,
हे त्याला अजून दाखवायचंय.